जुनी वास्तू, नवे नियम

प्रस्तावना

महाराष्ट्राबाहेर अनेक शहरांत मराठी मंडळांच्या स्वतःच्या वास्तू आहेत. गणेशोत्सव, नाटक, हळदीकुंकू, विवाह अशा निमित्तांनी तेथे माणसे एकत्र येतात. वडीलधाऱ्यांनी वर्गणी गोळा करून उभारलेल्या वास्तूवर सर्वांचा जीव असतो. परंतु केवळ प्रेमाने भिंती मजबूत होत नाहीत. जुने सभागृह आजच्या बांधकाम नियमांत कसे बसवावे आणि ते का आवश्यक आहे, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• बांधकामाच्या नियमांमागील कारणे सांगू शकाल;
• जुन्या सभागृहातील धोके ओळखू शकाल;
• दुरुस्तीच्या कामांचा योग्य क्रम स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१. नियम कशासाठी?

१३ जून १९९७ रोजी दिल्लीतील ‘उपहार’ चित्रपटगृहात खेळ चालू असताना आग लागली. आगीचा उगम तळमजल्यावरील विद्युत रोहित्रात होता. धूर वर चढला आणि सज्जात भरला. सज्जातील एका बाजूची वाट बंद करून तेथे जादा आसने बसविलेली होती. प्रेक्षकांना वेळेत बाहेर पडता आले नाही आणि ५९ जणांचे प्राण गेले. ज्वाळांपेक्षा धूर अधिक घातक ठरला.

इमारतींचे नियम अशा अनुभवांतून घडत जातात. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली. पुढे १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. ही संहिता मार्गदर्शक स्वरूपाची आहे. राज्य शासन किंवा स्थानिक संस्था तिच्यातील तरतुदी आपल्या नियमावलीत घेतात, तेव्हा त्या बंधनकारक होतात.

२. धोके कोठे असतात?

छताचा गिलावा पडू लागला, की आपण पुन्हा गिलावा करून रंग देतो. खरा रोग मात्र आत असतो. काँक्रीटमध्ये ओल शिरते, लोखंडी सळईला गंज चढतो, गंजामुळे सळई फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फुटते. रंगाने भेग झाकली जाते. गंज थांबत नाही.

दुसरा धोका विजेचा. पन्नास वर्षांपूर्वीची वायरिंग काही दिवे व पंखे यांच्यापुरती केलेली असते. आज तिच्यावरच वातानुकूलन यंत्रे आणि ध्वनिवर्धक चालविले, तर तारा तापतात. तिसरा धोका बाहेर पडण्याच्या वाटेचा. दारे आत उघडणारी असतात, मागचे दार कुलूपबंद असते आणि जिन्याखाली जुन्या खुर्च्या रचलेल्या असतात. रोज तेथे वावरणाऱ्यांना यांत काही वावगे दिसत नाही.

३. कामाचा क्रम

सर्वप्रथम पात्र अभियंत्याकडून इमारतीची तपासणी करून घ्यावी. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यानुसार तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी आवश्यक आहे. एखादी तुळई कमकुवत आढळली, तर दुरुस्ती होईपर्यंत सभागृह बंद ठेवावे.

काही सुधारणांना वेळ आणि पैसा फारसा लागत नाही. वाटेतील सामान हलविणे, कार्यक्रमाच्या वेळी सर्व दारांची कुलपे काढणे, बाहेर जाण्याचा मार्ग दाखविणारे फलक लावणे, ही कामे आजच होऊ शकतात. त्यानंतर वायरिंग बदलणे आणि अग्निशमन साधने बसविणे येते. मोठ्या जमावाच्या इमारतीत बाहेर पडण्याचे दार किमान दोन मीटर रुंद असावे आणि ते बाहेरच्या बाजूस उघडावे, असे संहिता सांगते. घाबरलेला जमाव दारावर रेटतो. आत उघडणारे दार तेव्हा उघडताच येत नाही.

चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधताना एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी धरावी. ज्यांच्या वर्गणीतून वास्तू उभी राहिली, त्यांना वार्धक्यात पायरीपाशी थांबावे लागू नये.

४. जपणे म्हणजे काय?

मंडळाच्या सभेत हा विषय निघाला, की कोणीतरी म्हणते, “इतकी वर्षे काही झाले नाही, मग आताच एवढा खर्च कशाला?” पण आजवर अपघात झाला नाही, हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. दुसरे कोणी विचारते, “आमच्या वडिलांनी दिलेले सागवानी दार काढून टाकणार काय?” या प्रश्नातील भावना खरी आहे, आणि तिचा मान राखता येतो. दार पुरेसे रुंद असेल, तर बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडणारे करता येते. नसेल, तर अन्यत्र सन्मानाने लावता येते.

वास्तू जपणे म्हणजे तिला आहे तशी ठेवणे नव्हे. तिच्यात जमणारी माणसे सुखरूप घरी परततील अशी व्यवस्था करणे, हेच तिचे खरे जतन होय.

शब्दार्थ

रोहित्र – विजेचा दाब कमी-अधिक करणारे यंत्र
सज्जा – सभागृहातील वरची बैठक, बाल्कनी
तुळई – छताचा भार पेलणारा आडवा भाग
संहिता – नियमांचा पद्धतशीर संग्रह

पाठान्त प्रश्न

१. छताला केवळ रंग देणे पुरेसे का नाही?
२. बाहेर पडण्याचे दार बाहेरच्या बाजूस का उघडावे?
३. ‘आजवर अपघात झाला नाही, हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.’ हे विधान स्पष्ट करा.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या सभागृहाचे निरीक्षण करा व तेथील व्यवस्थापकांना सुधारणा सुचविणारे पत्र लिहा.