केळी निर्यात : नाक्यावरचे नियम आणि शेतकऱ्याचा दर

शहादा तालुक्यातील कळसाडी परिसरात केळी, पपई व मिरची ही नगदी पिके आहेत. यांपैकी फळे नाशवंत. वाटेत एक दिवस वाया गेला तरी मालाची प्रत उतरते आणि ती तूट व्यापारी शेवटी बांधावरच्या दरातून वळती करतो. म्हणून नाक्यावरचे नियम हा केवळ व्यापाऱ्याचा विषय समजू नये.

आपला तालुका मध्य प्रदेशाला लागून आहे. माल खेतियाच्या वाटेने तिकडे, तर नवापूरमार्गे गुजरातेत जातो. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा राज्यांच्या सीमेवरील करतपासणी नाके उठले. ताजी फळे व भाजीपाला करमुक्त असल्याने त्यांना ई-वे बिल लागत नाही. मिरचीचे मात्र वेगळे आहे. हिरवी असताना ती करमुक्त असते. पथारीवर वाळली की व्यापाऱ्याच्या हाती तिच्यावर ५ टक्के कर येतो आणि ५०,००० रुपयांवरील माल त्याने परराज्यात पाठविल्यास ई-वे बिल लागते.

आखाती देशांत जाणारी केळी न्हावा शेवा बंदरातून जाते. त्यासाठी निर्यातदाराचा आयात-निर्यात संकेतांक, शिपिंग बिल व वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. शिपिंग बिल आता संगणकावर भरतात. ऑक्टोबर २०१७ पासून परवानगी घेतलेल्या निर्यातदारास पॅकहाउसवरच कंटेनरला इलेक्ट्रॉनिक सील स्वतः लावता येते. अधिकाऱ्याची वाट पाहण्यात पूर्वी वेळ जाई, तो वाचला.

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ रोजी अमलात आला. भारताने त्यास २०१६ मध्ये मान्यता दिली होती. नियम व शुल्क जाहीर करावे, नाशवंत मालाच्या तपासणीस अग्रक्रम द्यावा आणि सर्व अटी पूर्ण असल्यास तो कमीत कमी वेळात सोडावा, असे त्यात म्हटले आहे. 'अटी पूर्ण असल्यास' या शब्दांतच खरी मेख आहे. सवलत कितीही असली तरी कागदावरील खोकी व कंटेनरमधील खोकी जुळली नाहीत, तर कंटेनर उघडून पाहण्याची वेळ येते. केळीला १३ ते १४ अंश सेल्सिअस तापमान लागते. दार उघडे राहिले की हा थंडावा मोडतो आणि फळ वाटेतच पिकू लागते.

यासाठी काढणीच्या दिवशी खोक्यांची संख्या, निव्वळ वजन, गट नंबर व तारीख लिहून पावतीवर खरेदीदाराची सही घ्यावी. फवारणीची नोंदवहीही जवळ ठेवावी. दर बांधावर ठरला की माल पोहोचल्यावर ठरणार, हेही त्याच पावतीवर लिहून घ्यावे. बंदरात कंटेनर अडकला, तर नुकसान कोणाचे याचे उत्तर तेथेच सापडते.