सूक्ष्म शैवले आणि त्यांचे उपयोग

काशीस अमृतराव घाटावर, म्हणजेच राजा घाटावर, नदीचे पाणी ओसरले की खालच्या पायऱ्यांवर एक हिरवट, बुळबुळीत लेप उरतो. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी हा घाट दगडांनी बांधून काढला. येथे स्नानास उतरणारा मनुष्य त्या लेपावरून पाय घसरू नये म्हणून जपून पाऊल टाकतो. याहून अधिक विचार त्या शेवाळ्याचा कोणी करीत नाही. परंतु अशा लेपाचा कणभर अंश पाण्याच्या थेंबात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. हिरवे गोल, मण्यांच्या माळांसारखे निळसर धागे आणि काचेच्या डबीसारखे करंडक असा एक निराळाच जीवसमूह दृष्टीस पडतो. यांस सूक्ष्म शैवले म्हणतात.

करंडकांचे कवच वाळूच्याच द्रव्याचे, म्हणजे सिलिकेचे असते. मृत करंडकांची कवचे तळाशी साचून युगानुयुगांनी त्यांचे थर बनतात. ही सच्छिद्र माती साखरेचा पाक व पेये गाळण्यास वापरतात; 1867 साली आल्फ्रेड नोबेल यांनी नायट्रोग्लिसरीन याच मातीत मुरवून डायनामाइट तयार केले. प्रयोगशाळेतही शैवलांनी मोठी सेवा केली आहे. वनस्पती कर्बवायूपासून साखर कशी बनवितात हे मेल्विन कॅल्व्हिन यांनी शैवलांवर प्रयोग करून उलगडले आणि त्याबद्दल त्यांना 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या देशाच्या दृष्टीने मात्र निळसर धाग्यांची कथा अधिक महत्त्वाची आहे. त्यांना नील-हरित शैवले म्हणण्याची रूढी आहे, जरी आजचे शास्त्रज्ञ त्यांची गणना जीवाणूंत करतात. यांपैकी अनेकांच्या माळेत मधूनमधून एक जाड भिंतीची, फिकट पेशी असते. तिच्या आत प्राणवायूचा शिरकाव फारसा होऊ दिला जात नाही, कारण हवेतील नत्र बांधणारे विकर प्राणवायूने निकामी होते. पाण्याने भरलेल्या भातखाचरांची सुपीकता या शैवलांमुळे टिकते, हे पी. के. डे यांनी 1939 साली दाखविले. घाटांच्या दक्षिणेस, अस्सीच्या पलीकडे असलेल्या काशी हिंदू विश्वविद्यालयात आर. एन. सिंह यांनी हा विषय पुढे नेला. त्यांचा ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1961 साली प्रसिद्ध केला.

शेतकऱ्यास हे खत स्वतः तयार करता येते. उथळ हौदात माती, थोडे सुपरफॉस्फेट व पाणी घालून वर शैवलाचे विरजण पसरावे. उन्हात आठ-दहा दिवसांत जाड साय धरते. पाणी आटल्यावर तिच्या खपल्या निघतात; त्या हेक्टरी सुमारे 10 किलो या प्रमाणात, लावणीनंतर आठवड्याने, उभ्या पाण्यात टाकाव्या. सर्व काही अनुकूल असल्यास एका हंगामात हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र मिळते. पिकाची सारी भूक यात भागत नाही, म्हणून रासायनिक खत अजिबात नको असे सांगणाऱ्यांवर विसंबू नये.

सिंह यांचा दुसरा प्रयोग अधिक धाडसी होता. उत्तर प्रदेशातील ऊसर जमिनी, म्हणजे आपल्याकडील चोपण जमिनी, बांध घालून पावसाळ्यात पाण्याखाली ठेवल्यास त्यांवर शैवले माजतात व जमीन सुधारते, असे त्यांनी 1950 साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. पुढील संशोधनात असे आढळले की, हा परिणाम मुख्यतः वरच्या पातळ थरापुरता असतो. मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम हुसकण्यास कॅल्शियम लागते आणि ते जिप्समच पुरविते. शैवल हे जिप्समचे साहाय्यक होय, त्याचा पर्याय नव्हे.

आता पुन्हा घाटाकडे वळू. ज्या पाण्यात यात्रेकरू स्नान करतात त्यातच शहराचे सांडपाणी मिसळते, ही काशीची जुनी व्यथा आहे. विश्वविद्यालयातील जलशास्त्राचे प्राध्यापक आणि संकटमोचन मंदिराचे महंत वीरभद्र मिश्र यांनी 1982 साली संकटमोचन फाउंडेशन स्थापन केले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विल्यम ऑस्वल्ड यांच्या साहाय्याने त्यांनी शैवलांच्या तळ्यांची योजना पुढे मांडली. तत्त्व साधे आहे. जीवाणू घाण कुजवितात, त्यांना प्राणवायू हवा असतो. शैवले सूर्यप्रकाशात तो फुकट देतात व जीवाणूंनी सोडलेला कर्बवायू घेतात. दिवसा पाणी अल्कधर्मी होत जाते, त्यामुळे व उन्हामुळे रोगजंतूही मरतात. हवा घुसळणारी यंत्रे लागत नाहीत, म्हणून वीज गेल्यावर काम ठप्प होत नाही. ज्या शहरात वीज वारंवार जाते तेथे ही लहान गोष्ट नव्हे. मिश्र 2013 साली निवर्तले. त्यांच्या हयातीत ही तळी काशीत उभी राहिली नाहीत.

अशा तळ्यांना जागा पुष्कळ लागते, हा त्यांवरील मुख्य आक्षेप आहे आणि दाट वस्तीच्या शहरात तो खराही आहे. दुसरी अडचण खुद्द शैवलांची. ती पाण्याबरोबर नदीत गेली तर मरून कुजतात व दिलेला प्राणवायू परत घेतात. म्हणून शेवटी एक शांत तळे ठेवावे लागते, जेथे ती तळाशी बसतात आणि तेथून काढून शेतात खत म्हणून घालता येतात.