आरओ घ्यावा की नाही?

प्रश्न : पुण्यात नव्या घरी राहायला आलो. दुकानदार पाणी शुद्ध करायला आरओच घ्या म्हणतो. नळाला महापालिकेचं पाणी आहे. काय करावं?

उत्तर : ताई, आधी सोसायटीत विचारा, टाकीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतात का? सगळं त्यावर ठरतं. पुण्याला येणारं खडकवासल्याच्या धरणांचं पाणी मुळात गोडं, त्यात क्षार कमी. आरओचं खरं काम क्षार काढणं. भारतीय मानकानुसार विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. क्षार मोजायच्या मीटरवर आकडा दीडशे-दोनशे आला, तर आरओ कशाला? एक लिटर शुद्ध पाण्यामागे तो बहुधा दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. मला याचं फार वाईट वाटतं.

पण आकडा कमी म्हणजे पाणी निर्जंतुक, असं मुळीच नाही. मीटरला जंतू दिसत नाहीत. त्यासाठी गाळणी, कार्बन आणि यूव्ही पुरे. मात्र पाणी गढूळ असेल तर यूव्हीचा प्रकाश जंतूंपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पावसाळ्यात आधीची गाळणी वेळेवर बदला. यूव्हीच्या दिव्याभोवतीच्या काचेच्या नळीवर पांढरट थर बसतो, तोही पुसून घ्यायला सांगा. दिवा निळा दिसतो म्हणून चालवत राहू नका. प्रकाश दिसत असला तरी त्याची मारक शक्ती घटते. साधारण वर्षाने बदलाच.

बोअरचं पाणी मिसळत असेल, तर प्रयोगशाळेत तपासून घ्या. नायट्रेट जास्त निघालं, तर उकळून उपयोग नाही. तिथे आरओ हवाच.