छोटा अ‍ॅम्प्लिफायर, योग्य स्पीकर



जुलैत आपल्या रत्नागिरीत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की मागच्या बाकावरच्या मुलांना कविता ऐकूच येत नाही. मग लोकवर्गणीतून मोठा अ‍ॅम्प्लिफायर घ्यायचा विषय निघतो. पैसे खर्च करण्याआधी स्पीकरचे दोन आकडे जरूर बघा.

1. डेसिबलचा आकडा (सेन्सिटिव्हिटी): 1 वॅट दिल्यावर 1 मीटर अंतरावर किती आवाज मिळतो, ते हा आकडा सांगतो. आवाज 3 डेसिबलने वाढवायला दुप्पट वॅट लागतात, 6 डेसिबलला चौपट. म्हणजे 90 डेसिबलचा स्पीकर जे काम 10 वॅटमध्ये करतो, त्यासाठी 84 डेसिबलच्या स्पीकरला 40 वॅट द्यावे लागतात! शेल्फवर ठेवायचे छोटे स्पीकर घेताना म्हणूनच हा आकडा आधी विचारा. स्पीकरवर ‘100 वॅट’ लिहिलेलं असतं, ती त्याची सहन करायची मर्यादा. त्यावरून आवाज मोठा येईल असं समजू नका.

2. ओहमचा आकडा: अ‍ॅम्प्लिफायरला किमान 8 ओहम सांगितले असतील तर 4 ओहमचा स्पीकर लावू नका. जास्त करंट खेचला जाऊन अ‍ॅम्प्लिफायर तापतो. 8 ओहमचे दोन स्पीकर एकाच जोडणीत समांतर लावले, तरी 4 ओहमच होतात.

आणि बटण शेवटपर्यंत फिरवू नका. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज फाटतो, शब्द कळत नाहीत, स्पीकरही जळू शकतो.

सातवीच्या मुलांना फळ्यावर विचारा: वरच्या उदाहरणात 87 डेसिबलच्या स्पीकरला किती वॅट लागतील? उत्तर: 20.