श्रमिकांचे मनगट जपा

रात्री अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होऊन झोपमोड होणे, याला अशक्तपणा समजू नये. मनगटातील अरुंद बोगद्यातून नऊ कंडरा व एक मज्जातंतू जातो. मनगट वाकवून, जोर लावून तेच काम दीर्घकाळ केल्यास किंवा थरथरणारी यंत्रे हाताळल्यास हा मज्जातंतू दाबला जातो. यालाच ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ म्हणतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१० च्या व्यावसायिक रोगांच्या यादीत त्याचा समावेश आहे. मधुमेह व गर्भारपणातही तो उद्भवतो. म्हणून वैद्यकीय तपासणी अगत्याची. आरंभी कामात विसावा व रात्री मनगटाला आधारपट्टी यांनी बहुधा आराम पडतो. दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याचे स्नायू झिजून पकड दुबळी होते. हात हेच ज्यांचे भांडवल, त्यांना वेळीच दवाखान्यात पाठविणे हे गावातील जाणत्यांचे कर्तव्य होय.