अकरावा माणूस महाग पडतो

छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत बग तीन ठिकाणी विखुरलेले असतात: क्लायंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, टेस्टरच्या गूगल शीटमध्ये आणि डेव्हलपरच्या डोक्यात. माणसं तीन-चार आणि प्रॉडक्ट एकच असेल तर शीट पुरते, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण दोन-तीन क्लायंटची कामं एकदम सुरू झाली आणि ‘हा बग मागच्या रिलीजला क्लोज केला होता ना?’ हा वाद दर आठवड्याला होऊ लागला, की वेगळा बग ट्रॅकर घ्यायची वेळ आली असं समजा.

दरपत्रकं उघडलीत तर जिकडेतिकडे ‘फ्री’ लिहिलेलं दिसेल. ते किती जणांपर्यंत फ्री, एवढंच आधी बघा. जिरा आणि यूट्रॅक दहा जणांपर्यंत फुकट आहेत. अझ्युअर डेव्हऑप्समध्ये पहिले पाच जण फुकट, आणि गिटलॅबच्या क्लाउडवर खासगी ग्रुपला पाचांचीच मर्यादा. गिटहबने मात्र एप्रिल २०२० मध्ये फुकट प्लॅनवरची खासगी रेपोतल्या माणसांची मर्यादाच काढून टाकली.

आता जिराचं गणित करून पाहा. अकरावा माणूस आला की त्याच्या एकट्याचे पैसे भरून भागत नाही, अकराही जणांचे लागतात. माणशी महिना आठ डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर महिन्याला साधारण ७,५०० आणि वर्षाला कर सोडून ९० हजारांच्या आसपास. कालपर्यंत हा आकडा शून्य होता. अझ्युअरमध्ये पाचांच्या वर जेवढे जातील तेवढ्यांचेच पैसे पडतात, म्हणून तिथे असा धक्का बसत नाही. (हे दर हिशेबापुरते धरले आहेत. ते वरचेवर बदलतात, तेव्हा ठरवाल त्या दिवशीचं दरपत्रक पाहा.)

हा अकरावा बहुतेक वेळा डेव्हलपर नसतो. अर्धवेळ टेस्टर, दोन महिन्यांसाठी आलेला इंटर्न किंवा क्लायंटकडचा अकाउंटंट, ज्याला रोज तुमचं सॉफ्टवेअर वापरावं लागतं, अशांपैकी कुणीतरी असतो. त्याला लॉगिन दिलं नाही तर तो फोन करणार, आणि तुमचाच एक माणूस फोनवर ऐकून बग टाकत बसणार. म्हणून सीट मोजताना डेव्हलपर मोजू नका. बग ज्यांना दिसतो ती सगळी माणसं मोजा.

क्लायंटला आत घ्यायचं तर कोड त्याला दिसता कामा नये. गिटहबवर खासगी रेपोतले बग पाहण्याचा हक्क दिला की कोडही दिसतो. त्यावर साधा तोडगा म्हणजे त्या क्लायंटसाठी एक वेगळा, कोड नसलेला खासगी रेपो उघडायचा आणि तो फक्त बग नोंदवायला वापरायचा. अझ्युअरमध्ये ‘स्टेकहोल्डर’ म्हणून माणूस फुकट घेता येतो. त्याला बग टाकता येतात, खासगी प्रोजेक्टचा कोड मात्र उघडत नाही. सोय चांगली आहे, पण तिथल्या स्क्रीन पाहून अकाउंटंट बिचकेल, हेही सांगितलं पाहिजे.

माझं मत विचाराल तर कोड जिथे आहे तिथलाच ट्रॅकर आधी वापरून पाहा. गिटहबवर कमिटच्या संदेशात इंग्रजीत ‘Fixes’ लिहून पुढे # आणि बगचा क्रमांक दिला, की तो बदल मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होताच बग आपोआप बंद होतो. सहा-आठ जणांच्या टीमला एवढी शिस्त फुकटात मिळत असेल तर जिरातले वर्कफ्लो रंगवत बसायला वेळ कुणाकडे आहे? तिथे बगच्या फॉर्मवर पंधरा रकाने ठेवता येतात, आणि ठेवले की लोक ते भरायचं टाळतात. पायऱ्या, अपेक्षित काय होतं, झालं काय आणि स्क्रीनशॉट, एवढं पुष्कळ झालं.

स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं असेल तर मँटिस, रेडमाइन आणि बगझिला हे तिन्ही मुक्त स्रोत आहेत. मोझिलाचा बगझिला १९९८ पासूनचा, दणकट खरा, पण छोट्या दुकानाला जड. मँटिस पीएचपीवर चालतो, त्यामुळे साध्या होस्टिंगवरही बसतो. रेडमाइनला रूबी लागते, तेव्हा ती सांभाळणारा कोणी असेल तरच त्या वाटेला जा. लायसन्सचे पैसे शून्य असले तरी सर्व्हरला महिन्याला पाचशे रुपये धरा, शिवाय अपडेट आणि बॅकअपला चार तास. पन्नास हजार पगाराच्या डेव्हलपरचा तास २८५ रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे एकूण सोळा-सतराशे. माणसं अकरा असोत की पंचवीस, हा आकडा फारसा हलत नाही. फक्त बॅकअप परत चढवून पाहणारा माणूस नेमा. बॅकअप आहे असं नुसतं ऐकण्यावर विसंबू नका.

निवड झाली की चालू कामातले वीसेक जुने बग त्यात टाका आणि लगेच ते एक्सपोर्ट करून पाहा. सीएसव्हीत मजकूर येतो, स्क्रीनशॉट बहुधा येत नाहीत. हे आधी कळलेलं बरं, कारण कंपन्या दिशा बदलतात. जिरा बनवणाऱ्या अ‍ॅटलासियनने स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जिरा सर्व्हरचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला बंद केला, तेव्हा तो वापरणाऱ्यांना दुसरी सोय पाहावी लागली.

पैसे भरताना दोन गोष्टी. परदेशी कंपनीला कार्डाने डॉलर दिले की बँक स्वतःचा मार्कअप लावते, साधारण २ ते ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर पुन्हा जीएसटी. सॉफ्टवेअर सेवेवर १८ टक्के जीएसटी आहेच. तुमची नोंदणी असेल तर ट्रॅकरच्या खात्यात जीएसटी क्रमांक भरा आणि रिव्हर्स चार्ज व क्रेडिट यांबद्दल सीएशी बोला. दुसरी गोष्ट, रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १५,००० रुपयांवरच्या आवर्ती वजावटीला दर वेळी ओटीपी लागतो. सवलतीसाठी वार्षिक प्लॅन घेतला आणि कार्ड मालकांच्या नावावर असेल, तर नूतनीकरणाच्या दिवशी त्यांचा फोन चालू असायला हवा. पहिले तीन-चार महिने मासिक प्लॅनवरच काढा.