आधी हेतू, मग छिन्नी

वाचन : लूक १४:२८-३०



बुरूज बांधायला निघालेला माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, असे प्रभू येशूने सांगितले. हिशेब चुकला तर पाया घालून काम अडते आणि लोक हसतात. पण खर्चाच्याही आधी एक प्रश्न असतो : बुरूज हवा कशासाठी?

आपण पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला जातो. पुढच्या वेळी एक गोष्ट नीट पाहा. तिथली बहुतेक लेणी विहार आहेत : मध्ये मंडप आणि भोवती भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या. ९, १०, १९ आणि २६ क्रमांकाची लेणी मात्र लांबट आहेत. त्यांत आत स्तूप आणि त्याला प्रदक्षिणा घालण्यापुरती जागा. डोंगर एकच, छिन्नीही तीच. हेतू वेगळा म्हणून आकार वेगळा. हा हेतू आधीच ठरवावा लागे, कारण एकदा तोडलेला दगड परत चिकटवता येत नाही.

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण हीच आहे : साध्य हाती शेवटी येते, पण मनात ते पहिले असावे लागते.

आता घराकडे वळू. मक्याचे, कपाशीचे पैसे हाती येतात. मुलीची नर्सिंगची फी, मुलाचे लग्न, घराचा स्लॅब, सोसायटीचे कर्ज. यांत वाईट काहीच नाही. चांगले आणि वाईट यांतली निवड त्या मानाने सोपी. दोन चांगल्या गोष्टींत क्रम लावणे कठीण. क्रम लावला नाही, तर जो मोठ्याने मागतो त्याच्याकडे पैसा जातो. मग मांडव आणि जेवणावळी होतात, आणि गप्प बसलेल्या मुलीची फी राहून जाते. खर्च झालेला पैसाही तोडलेल्या दगडासारखाच.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेनंतर सर्वांनी मिळून एका कागदावर लिहा :

१. आमच्या घरात देवाला सर्वांत आधी काय घडायला हवे आहे?
२. त्यासाठी कोणती चांगली गोष्ट आम्ही मागे ठेवू?
३. या निर्णयात घरातल्या कोणाला अजून विचारलेले नाही?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोरे राहिले, तर पहिल्याचे उत्तर अजून ठरलेले नाही असे समजा.

हे प्रभो, आमच्या इच्छांना योग्य क्रम लाव. आमेन.

तुमचे धर्मगुरू